रिकाम्या यादीचा गुणाकार

सलग पाचव्या दिवशी भाऊंच्या टेबलाला पूर्ण एक मिळाला, तेव्हा माझी खात्री पटली की कुठेतरी पाणी मुरतंय. तशी मनात पाल पहिल्याच दिवशी चुकचुकली होती. पण मी संशयी आहे असं सगळा कारखाना म्हणतो, म्हणून म्हटलं, चार दिवस जाऊ देऊ. कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो, हे चार दिवस थांबणं हा माझा मोठेपणा होता.

भाऊ म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघं सव्वीस वर्षं एकाच मजल्यावर काम करतोय. आमच्याकडे सेफ्टी बेल्ट बनतात. उंच इमारतींच्या काचा पुसणारे, विजेच्या मनोऱ्यांवर चढणारे लोक ते अंगावर बांधून अधांतरी लटकतात. तपासणीची टेबलं दोन. खिडकीकडचं माझं आणि जिन्याकडचं भाऊंचं. मधे दोऱ्यांच्या रिळांचं एक उंच कपाट आहे. त्याच्या फटीतून पलीकडचं सगळं दिसतं, हे फक्त मला माहीत आहे.

दिवसाला एका टेबलावर एक लॉट, म्हणजे वीस बेल्ट. प्रत्येक बेल्टच्या तपासण्या पाच: पट्टी, शिलाई, बक्कल, हुक आणि ताण. वीसपैकी एकोणीस पास झाले तर ०.९५ लिहायचं, अठरा झाले तर ०.९०. मग हे पाचही आकडे एकमेकांनी गुणायचे आणि येईल तो त्या लॉटचा गुण. बेरीज नाही, सरासरी नाही, गुणाकार. कारण वर लटकलेल्या माणसाला पाचही गोष्टी एकदम लागतात. चार मजबूत होत्या हो, पाचवीच तेवढी तुटली, असं त्याच्या बायकोला जाऊन सांगता येत नाही.

वीसच्या वीस पास झाले तर आकडा एक. एकाने गुणलं काय आणि न गुणलं काय, उत्तर तेच. म्हणून वीस वर्षांपूर्वी मी एक सोय काढली. सगळे पास असतील तर ती चौकट रिकामी सोडायची. शाई वाचते, वेळ वाचतो आणि हाताने गुणाकार करताना चुका कमी होतात. भाऊंनाही ती मीच शिकवली. तेव्हाच्या मॅनेजरने पाठ थोपटली होती. मी मात्र स्वतःपुरती एक खिशातली डायरी ठेवतो. जी तपासणी केली तिच्यापुढे बरोबरची खूण, मग चौकट भरलेली असो की रिकामी. उद्या कुणी बोट दाखवलं तर आपल्या हातात पुरावा असावा. बायको म्हणते, "तुम्ही आरशातल्या माणसाकडेही ओळखपत्र मागाल." मागीन. काय बिघडलं?

आता मुद्द्याचं सांगतो. या महिन्याच्या सुरुवातीला नव्या मॅनेजरने सगळ्यांना जमवून सांगितलं की दोन टेबलांचं एक करायचं आहे. ज्या टेबलाचे गुण महिनाअखेर जास्त, त्याचा प्रमुख राहील आणि त्याच्या हाताखाली दोन माणसं मिळतील. दुसऱ्याने खाली तळघरात पॅकिंगला जायचं. मी छप्पन्न वर्षांचा आहे. ज्या हातांनी सव्वीस वर्षं बेल्ट पास-नापास केले, त्याच हातांनी आता खोक्यांना चिकटपट्टी लावायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने म्हणायचं, काय हो, इकडे कुठे? मला त्या तळघराची भीती वाटत होती. घरी बोललो नाही, पण वाटत होती.

आणि गुण आता हाताने काढत नव्हते. चार महिन्यांपूर्वी ऑफिसात एक कॉम्प्युटरवाली आली होती. तिने एक प्रोग्रॅम लिहिला. आम्ही टेबलावरच्या स्क्रीनवर पाच चौकटी भरायच्या, खालच्या कोपऱ्यातलं मोठं हिरवं बटण दाबून सही करायची, की लगेच गुणाकार होऊन भिंतीवरच्या फळ्यावर गुण झळकायचा. माझा कधी ०.८६, कधी ०.९०, फार तर ०.९५. भाऊंचाही तसाच असायचा. आणि मग एक दिवस एक. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एक. सव्वीस वर्षांत दोन्ही टेबलांवर मिळून पूर्ण एक आलेले दिवस मी बोटांवर मोजून दाखवीन.

ती कॉम्प्युटरवाली म्हणजे भाऊंची मुलगी. घरात तिला छोटी म्हणतात.

बाप टेबलावर आणि लेक प्रोग्रॅममध्ये. आता सांगा, मी संशयी की बाकीचे आंधळे?

मग मी भाऊंवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायला लागलो. आणि एकदा बघायला लागल्यावर काय काय दिसलं! भाऊ आधी जिना दोन दोन पायऱ्या गाळत उतरायचे. आता कठडा धरून, एकेक पायरी, साहेबासारखे रुबाबात. चहाच्या सुट्टीत वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचे, ते बंद. जिंकल्यावर कसलं कोडं? एकदा किटलीतून चहा ओतताना कप भरून वाहिला तरी हे ओततच होते. मी म्हटलं, "भाऊ, भरला." तर हसून म्हणाले, "भरू दे की." एवढा माज! परवा तर समोर भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ असताना मला विचारतात, "किती वाजले रे?" जणू मी त्यांचा चपराशी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी मुद्दाम दहा मिनिटं पुढची वेळ सांगितली.

बुधवारी तर मी त्यांना रंगेहाथ पकडणारच होतो. माझी पट्टी, शिलाई, बक्कल आणि ताण उरकले होते, हुक घ्यायचे होते. हुकाची जीभ दाबून सोडली की ती आपोआप मिटायला हवी, तेवढंच बघायचं, पण एकेक हुक दहादा. पहिला हुक हातात घेतला आणि जिन्याकडून छोटीचा आवाज आला. मी हुक ठेवला आणि कपाटामागे गेलो.

फटीतून बघतो तर बापलेक डोक्याला डोकं लावून बसलेले. छोटी काहीतरी हळू बोलत होती. भाऊंचं लक्ष समोरच्या बेल्टवर नव्हतंच. डोळे कुठेतरी दुसरीकडे आणि बोटं शिलाईवरून फिरतायत. ही तपासणी म्हणायची? मी तासभर तिथे उभा होतो. ऐकू काही आलं नाही, गुडघा मात्र दुखायला लागला. इतक्यात सुटीची घंटा झाली. मी टेबलाकडे आलो, तर पॅकिंगवाले लॉट न्यायला ढकलगाडी घेऊन उभे. मनात भाऊ, मनात छोटी. घाईत सही केली आणि निघालो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"म्हणजे छोटीने बापाला मार्क वाढवून दिले, असं तुमचं म्हणणं?"

"म्हणणं नाही, खात्री आहे."

"तिला पाढे कुणी शिकवले?"

"मी."

"मग तिलाच जाऊन विचारा ना. कपाटामागे काय उभे राहता? वय काय आपलं?"

कपाटाचं मी सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, याचा मी त्या दिवशी बराच वेळ विचार केला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी छोटीच्या खोलीत गेलो. शनिवारी दुपारी महिन्याच्या मालाची गाडी निघणार होती आणि त्याआधी मॅनेजर निकाल सांगणार होता. म्हणजे माझ्याकडे एकच दिवस होता.

"काका! या ना," ती उठून उभी राहिली. "बसा. चहा सांगू?"

"चहा नको. तुझा तो प्रोग्रॅम बघायचाय. आतून."

तिला आनंदच झाला. कारखान्यात आजवर कुणी असं विचारलं नसावं. मला वाटलं, काय पक्की आहे, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. चारपाच ओळी होत्या फक्त.

"एवढंच?"

"एवढंच. भरलेल्या चौकटींतल्या किमतींची एक यादी होते. आपण हातात आधी एक धरायचा. मग यादीतली पहिली किंमत घ्यायची आणि हातातल्या आकड्याला तिने गुणायचं. जे येईल ते हातात. मग दुसरी, मग तिसरी. यादी संपली की हातात उरेल ते उत्तर."

मी तिथेच थांबवलं. "आधी एक कशाला? हा एक कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"मग फुकटचा कशाला द्यायचा? शून्यापासून सुरुवात कर. सगळ्यांची शून्यापासूनच होते."

ती हसली. "काका, शून्य धरलं तर पुढे कशानेही गुणा, शून्यच राहणार. बेरीज असती तर शून्य चाललं असतं. गुणाकाराला एकच लागतो. तुम्हीच नाही का शिकवलं, एकाच्या पाढ्याने कुणाचं काही बदलत नाही?"

शिकवलं होतं. तरी तो फुकटचा एक माझ्या डोळ्यात सलत राहिला. मी म्हटलं, करून दाखव. तिने दोन, तीन, चार टाकले. उत्तर चोवीस. मी माझे कालचे आकडे टाकायला लावले आणि स्वतः कागदावर गुणाकार केला. ०.९५ गुणिले ०.९०, त्याला परत ०.९५. माझं उत्तर ०.८१२२५, तिचंही तेच. आणखी चार लॉट घेतले. एकदा उत्तर जुळलं नाही तेव्हा माझा चेहरा खुलला, पण चूक माझ्या हातच्याची निघाली.

"जिन्याकडच्या टेबलासाठी वेगळा प्रोग्रॅम आहे?"

आता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "काका, तुम्ही काय विचारताय ते कळलं मला."

"बरं झालं कळलं."

"दोन्ही टेबलांना हाच आहे. तुम्ही बसा माझ्या खुर्चीवर. हवे ते आकडे टाका आणि स्वतः चालवून बघा. मी हातही लावत नाही." ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मला जरा वाईट वाटलं, पण खुर्चीवर बसलो.

चष्मा घसरला होता. तो वर करताना कोपर कीबोर्डवर पडलं आणि मी एकही आकडा टाकायच्या आत प्रोग्रॅम चालला. स्क्रीनवर उत्तर आलं.

१.००

मी चष्मा पुसून परत बघितलं. मग म्हटलं, "छोटे, इकडे ये. मी काहीच टाकलं नाही. यादी रिकामी आहे. तरी एक?"

ती आली, बघितलं. आधी सहज म्हणाली, "गणिताने बरोबरच आहे, काका. काहीच गुणलं नाही, तर हातातला एक तसाच राहतो." आणि बोलता बोलता थांबली.

"म्हणजे ज्याने काहीच केलं नाही, त्याला पूर्ण गुण."

मला बाजूला ढकलून तिने भाऊंच्या टेबलाची नोंद उघडली. नऊ दिवस, नऊ लॉट, पंचेचाळीस चौकटी. एकही भरलेली नव्हती. प्रत्येकाखाली सही मात्र होती.

मी जिंकलो होतो. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. इतका, की मी मांडीवर थाप मारली. मग छोटीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि कुणी ठरवून एवढं पांढरं पडू शकत नाही. तिला काहीच माहीत नव्हतं. चार महिने हसतखेळत वावरणाऱ्या पोरीवर मी चोरीचा आळ घेत होतो, आणि त्या पोरीला पाढे मी माझ्या मांडीवर बसवून शिकवले होते.

ती हळूच म्हणाली, "पण काका, बाबा म्हणतील, सगळे पास होते म्हणून रिकाम्या सोडल्या. तुमचीच पद्धत ना ती?"

"पंचेचाळीसच्या पंचेचाळीस?"

"तुमच्याही आहेत." तिने माझी नोंद उघडली. "याच नऊ दिवसांत एकतीस रिकाम्या चौकटी. तुमच्या रिकाम्या म्हणजे पास, आणि बाबांच्या रिकाम्या म्हणजे लबाडी, असं प्रोग्रॅमला कसं सांगू?"

मी खिशावर हात ठेवला. डायरी होती. "माझ्याकडे पुरावा आहे," मी म्हटलं आणि तडक जिन्याकडे निघालो.

भाऊ टेबलावर एकटेच डबा खात होते. मी समोर बसलो आणि सरळच विचारलं, "भाऊ, नऊ दिवस चौकटी रिकाम्या का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला बघितलं. इतक्या जवळून मी त्यांच्याकडे कित्येक दिवसांत पाहिलंच नव्हतं. जे पाहिलं ते फटीतून.

"चौकटी दिसत नाहीत रे," ते म्हणाले. "डोळ्यांचा मागचा पडदा गेलाय. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. ते हिरवं बटण कोपऱ्यात आहे ना, ते तेवढं सापडतं."

जिना, कोडं, कप, घड्याळ. दहा मिनिटं पुढची वेळ सांगितली होती मी.

"घरी?"

"कुणाला माहीत नाही. तिच्या आईलाही नाही." त्यांनी बोटांनी चाचपत डब्याचं झाकण लावलं. "शिलाई मी बोटांनी बघतो. पट्टीही. खराब लागलं ते काढून टाकलंय, देवाशपथ. पण ताणाचा काटा कसा वाचणार? वाटलं, एवढा महिना काढू. टेबल मिळालं तर हाताखाली दोन माणसं येतील. डोळे त्यांचे, अनुभव माझा. खोटा एक आकडा लिहिला नाही मी. काही लिहिलंच नाही."

"आणि फळ्यावर एक यायला लागला तेव्हा?"

"लोक अभिनंदन करायला लागले." त्यांनी डबा बाजूला सरकवला. "बरं वाटलं रे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. अर्धवट तपासलेल्या बेल्टवर उद्या कुणीतरी लटकणार होतं. राग आलाही, पण त्याच्याबरोबर लाजही आली. छोटी माझ्यामागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती वडिलांच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, उद्या गाडी निघायच्या आधी मी साहेबांना सांगणार आहे." भाऊंनी मान हलवली.

त्या संध्याकाळी मी डायरी आणि छोटीने दिलेली एकतीस चौकटींची यादी घेऊन बसलो. एकेक तारीख जुळवत गेलो. तीस चौकटींपुढे बरोबरची खूण होती. एकतिसावी बुधवारची, हुकाची. तिच्यापुढे काही नव्हतं.

डायरी उलटीसुलटी करून पाहिली. दुसऱ्या पानावर लिहिलं असेल म्हणून पुढची मागची पानं पाहिली. मग कपाट आठवलं, फट आठवली, दुखणारा गुडघा आठवला. पहिला हुक हातात घेऊन मी खाली ठेवला होता आणि तो परत उचललाच नव्हता. दुसऱ्याच्या टेबलावर तपासणी होते की नाही, हे बघण्यात माझी राहून गेली होती. आणि त्या लॉटला फळ्यावर ०.९० मिळाला होता. शिलाई ०.९५, ताण ०.९५, बाकी तीन चौकटी रिकाम्या. चांगला गुण होता. मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो होतो.

शनिवारी सकाळी मॅनेजरच्या खोलीत आम्ही तिघं उभे. छोटीने प्रोग्रॅमची गोष्ट स्वच्छ सांगितली, स्वतःची चूकही सांगितली. म्हणाली, आजपासून रिकामी चौकट असेल तर प्रोग्रॅम गुणाकारच करणार नाही, सहीही घेणार नाही. भाऊंनी डोळ्यांचं सांगितलं. मॅनेजर कपाळाला हात लावून बसला.

"गाडी तीन वाजता आहे," तो म्हणाला. "दोघांनी आपापल्या रिकाम्या चौकटी भरा. तपासलं असेल तिथे एक. खात्री नसेल तिथे शून्य. शून्याचा लॉट इथेच राहील. आणि एक सांगतो, ज्या टेबलाचा एकही लॉट शून्यावर येईल, त्याच्या हातात मी नवीन टेबल देणार नाही. गरज पडली तर बाहेरून माणूस आणीन."

भाऊंनी छोटीला सांगितलं, "सगळीकडे शून्य टाक." तिने पंचेचाळीस शून्यं टाकली. पटापट टाकली, पण प्रत्येक वेळी ओठ घट्ट मिटत होती. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली.

आता टेबल माझंच होतं. मॅनेजर माझ्याकडे बघून हसलाही. "तुमचं काय, लगेच होईल. तुम्ही तर फार काटेकोर." मी डायरी उघडून चौकटी भरायला लागलो. एक, एक, एक. तीस वेळा. खिडकीकडचा उजेड, माझी खुर्ची, हाताखाली दोन माणसं. बुधवारच्या हुकापाशी बोट थांबलं. डायरीत खूण नाही हे मलाच माहीत होतं. खिशातून पेन काढून खूण करायला किती वेळ लागतो? आणि हुक चांगलेच असतात. सव्वीस वर्षांत नापास हुक किती निघाले? वर्षाला दोनतीन. वीसच्या वीस पास असण्याचीच शक्यता जास्त होती.

भाऊ शेजारी उभे होते. त्यांना स्क्रीन दिसत नव्हती. मी काय टाकतो हे त्यांना कधीच कळलं नसतं. मला वाटतं, त्यामुळेच माझ्याने एक टाकवेना.

मी शून्य दाबलं.

०.९० होतं तिथे ०.०० आलं. छोटी पटकन पुढे वाकली. "काका, चुकून शून्य पडलं. अहो, एका शून्याने सगळा..."

"माहीत आहे. गुणाकार मलाही येतो." मी सही केली.

मॅनेजर पुष्कळ बोलला. ते सगळं इथे सांगत नाही. मी ऐकून घेतलं. शेवटी ठरलं ते असं: टेबलावर दुसऱ्या युनिटमधला माणूस येणार, आणि आम्ही दोघंही पॅकिंगला. पण आधी खाली अडवून ठेवलेले दहा लॉट तपासून द्यायचे.

तळघरात आम्ही दोन खोकी उलटी करून बसलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच एका टेबलावर. भाऊ म्हणाले, "आधी तुझा बुधवारचा काढ." मी म्हटलं, तुमचे नऊ आहेत, त्यांना वेळ लागेल. "तुझाच काढ," ते म्हणाले. "नाहीतर तू आज घरी जाऊन जेवणार नाहीस. मी ओळखतो ना तुला."

एकेक हुक मी दाबायचो, सोडायचो, जीभ मिटते का बघायचो, आणि भाऊंच्या हातात द्यायचो. ते परत चाचपायचे. दहादा दाबायचं, दहादा मिटायला हवं. पाच झाले. दहा झाले. पंधरा झाले तेव्हा मला आशा वाटायला लागली, आणि खरं सांगायचं तर जरा चिडचिडही. उगाच टाकलं शून्य, असं मनात आलं.

अठरावा हुक सहा वेळा मिटला. सातव्यांदा उघडाच राहिला.

मी तो पुन्हा दाबला. तेव्हा मिटला. पुन्हा दाबला, उघडा राहिला.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं. "थांबलास का?"

मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने जीभ दाबली, सोडली आणि उघड्या फटीत बोट घालून बघितलं. मग त्यांनी हुक बेल्टपासून अलग केला आणि माझ्या खिशात डायरीशेजारी टाकला.

"लिही," ते म्हणाले. "वीसपैकी एकोणीस."

"अजून दोन राहिलेत, भाऊ," मी म्हटलं, आणि एकोणिसावा बेल्ट उचलला.